'नको'चं बटण कुठे आहे?

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की आक्षी, नागाव, चौलपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्याच पाट्या. 'घरगुती जेवण व राहण्याची उत्तम सोय', खाली मोबाइल नंबर. पूर्वी या पाट्या पत्र्यावर रंगवलेल्या असायच्या, मग फ्लेक्स आले. आता पाटीच्या कोपऱ्यात वेबसाइटचा पत्ता असतो. इतका बारीक, की वाचायला गाडी थांबवावी लागते; पण असतो. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर... किनाऱ्यानं कुठेही जा, हेच चित्र.

या पाट्यांमागे बहुतेक ठिकाणी घरातली बाई उभी असते. खोल्या झाडणं, चादरी धुणं, सकाळी घावणे घालणं, 'मोदक मिळतील का हो?' या फोनला रात्री दहा वाजताही हसून उत्तर देणं, सगळं तिच्याच अंगावर. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळानं वाड्या आडव्या केल्या. नारळ-सुपारीची झाडं काही पुढच्या हंगामाला पुन्हा उभी राहत नाहीत, त्याला वर्षं जातात. ज्या घरांत पाहुण्यांसाठी दोन खोल्या होत्या, त्या घरांना पुढे या खोल्यांनीच हात दिला. २०२३मध्ये राज्य सरकारनं महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाच्या धंद्यासाठी महिलेनं काढलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. त्यामुळे आमच्या बचत गटांच्या बैठकीत लोणची-पापडांबरोबर हल्ली 'रूम'ची भाषा ऐकू येते.

आणि रूम आली की वेबसाइट आली. मोठ्या बुकिंग कंपन्या दर बुकिंगमागे आपली टक्केवारी कापून घेतात. पाहुणा आपल्या साइटवरून आला तर ती रक्कम घरात राहते, हे गणित आमच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. पण या साइटबरोबर एक नवं लचांड आलं आहे, त्याविषयी आज लिहायचं आहे.

नागावच्या एका वहिनींनी मला फोन दाखवला. त्यांची साइट उघडली की समुद्र दिसायच्या आधी खालून एक पट्टी वर यायची. संगणकावर ती पट्टीच असेल, मोबाइलवर मात्र तिनं अर्धा पडदा खाल्ला होता. इंग्रजीत सात-आठ ओळी, खाली एक हिरवंगार मोठं बटण, 'ॲक्सेप्ट ऑल'. शेजारी फिकट करड्या अक्षरांत 'मॅनेज'. तारखा निवडायचं कॅलेंडर नेमकं त्या पट्टीखाली झाकलेलं.

"ताई, डोंबिवलीच्या एक काकू दर वर्षी येतात. त्यांनी फोन केला, तुमच्या साइटवर काहीतरी वकिली मजकूर येतो, मी घाबरून बंदच केली. ही पट्टी काढता नाय का येत?" वहिनी विचारत होत्या. साइट करून देणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "काकू, कायदा आहे. काढली तर दंड होतो." दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर होतं. अशा वेळी उरलेलं अर्धं शोधायला बसावं लागतं.

आधी ही कुकी म्हणजे काय ते बघू. नानकटाईशी तिचा काही संबंध नाही. मोठ्या देवळाबाहेर चपला ठेवल्या की स्टँडवरचा माणूस पत्र्याचा बिल्ला देतो. परत आल्यावर तो आपला चेहरा बघत नाही, बिल्ला बघतो आणि बरोबर आपल्याच चपला काढून देतो. कुकी म्हणजे असा बिल्ला. वेबसाइट तो आपल्या फोनमध्ये ठेवते आणि पुढच्या वेळी वाचते. अमेरिकेत १९९४मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुणानं ही युक्ती काढली, कारण तोवर वेबसाइटला विसरण्याचा रोगच होता. एका पानावर काय निवडलं ते दुसऱ्या पानावर तिला आठवायचं नाही. आपण शनिवार-रविवार, दोन मोठे, एक लहान असं भरतो आणि पुढच्या पानावर ते तसंच राहतं, ते या बिल्ल्यामुळे. ही कुकी कामाची आहे आणि तिच्याविरुद्ध कुणाचं काही म्हणणं नाही.

भानगड दुसऱ्या बिल्ल्याची आहे. समजा, चपलांच्या स्टँडशेजारी एक परका माणूस खुर्ची टाकून बसला. त्यानंही तुम्हाला एक बिल्ला दिला. हाच माणूस प्रसादाच्या दुकानाशी बसला आहे, डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर बसला आहे, दागिन्यांच्या पेढीतही बसला आहे. बिल्ला एकच. तुम्ही कुठून कुठे गेलात हे त्याच्या वहीत उतरत जातं. जाहिरात कंपन्यांच्या कुकी अशा असतात. आपल्या साइटवर ही खुर्ची कोण टाकतं? आपणच टाकतो, बहुतेकदा न कळत. जाहिरातीचा कोड घातला की एक खुर्ची, व्हिडिओ चिकटवला की दुसरी, नकाशा, गप्पा मारायचं बटण, माणसं मोजायचं यंत्र... प्रत्येकाबरोबर कुणीतरी येऊन बसू शकतं.

म्हणून युरोपातल्या कायद्यानं म्हटलं, बसवायचा तर बसवा, पण आधी पाहुण्याला विचारा. २००९मध्ये तिथे कुकींसाठी आधी संमती घेण्याचा नियम झाला. २५ मे २०१८पासून जीडीपीआर नावाचा कडक कायदा लागू झाला आणि जगभर या पट्ट्या उगवल्या. त्यातही लबाडी सुरू झाली, तेव्हा १ ऑक्टोबर २०१९ला युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. जानेवारी २०२२मध्ये फ्रान्सनं गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. गुन्हा काय, तर 'हो' म्हणायला एक टिचकी आणि 'नको' म्हणायला अनेक. मला ही गोष्ट फार आवडली. नाही म्हणण्याची वाट मुद्दाम अवघड करून ठेवणं हा गुन्हा आहे, हे कुठल्यातरी सरकारला पटलं म्हणायचं!

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. मग २०२३मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ धरून चला. या कायद्यात 'कुकी' हा शब्दसुद्धा नाही. त्यात आहे ते असं, की माणसाची ओळख पटेल अशी माहिती त्याच्या संमतीवर घेणार असाल तर ती संमती मोकळी, नेमक्या कामापुरती, समजून-उमजून आणि स्वतः कृती करून दिलेली हवी. दिलेली संमती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. आणि आम्हा मराठी माणसांसाठी महत्त्वाचं, सूचना इंग्रजीबरोबर आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी हवी त्या भाषेत वाचता आली पाहिजे. डोंबिवलीच्या काकूंना 'वकिली मजकूर' वाटला यात काकूंचा दोष नव्हता.

वहिनींच्या पट्टीवरचा मजकूर आम्ही नीट वाचला. तो कुठल्यातरी परदेशी साइटवरून जसाच्या तसा उचललेला होता. युरोपच्या कायद्याचा उल्लेख होता, आपल्या कायद्याचं नावही नव्हतं. युरोपातून कुणी आपली साइट नुसती उघडली म्हणून तिकडचा कायदा आपल्याला लागत नाही. तिथल्या गिऱ्हाइकांना उद्देशून धंदा केला, युरोत दर लावले, तर मात्र तो प्रश्न येतो. वहिनींचे दर रुपयांत, आणि पाहुणे पनवेल, ठाणे, पुण्याचे.

इथे कुणी म्हणेल, दोन खोल्यांची साइट ती काय, आणि तिच्या कुकी त्या काय! आमच्याकडे येणाऱ्या बायकांचं ऐकलं की असं म्हणवत नाही. कौटुंबिक सल्ल्याच्या कामात भेटलेल्या एका बाईची हकिगत सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. घरात रोजची धुसफुस, कधी हात उगारला जाणं. तिनं मनाशी ठरवलं, लेकीला घेऊन दोन दिवस समुद्रावर जायचं, शांतपणे विचार करायचा. घरच्या संगणकावर दुपारी आमच्याच किनाऱ्यावरच्या एका जागेची साइट उघडली, खोली पाहिली, दर पाहिला, बंद केली. पट्टी आली होती, तिनं हिरवं बटण दाबलं. आपण सगळेच दाबतो. रात्री नवरा त्याच संगणकावर क्रिकेटचा स्कोअर बघत होता आणि बाजूला जाहिरात आली, तीच जागा, तोच झोपाळा, 'तुमची खोली वाट बघतेय!' पुन्हा स्कोअर उघडला, पुन्हा तीच. त्यानं विचारलं, "कुणाबरोबर चालली होतीस?"

पुढचं इथे लिहायचं कारण नाही. ती सुखरूप आहे, एवढं सांगते.

त्या जागेच्या मालकिणीनं काही वाईट केलं होतं का? हेतूनं नाही. जो साइट बघून गेला त्याला परत परत जाहिरात दाखवायची, ही आज सर्रास चालणारी पद्धत आहे, आणि हंगामाच्या आधी चार पैसे टाकून कुणीही ती घेतं. पण फोन आणि संगणक घरात सामाईक असतो, हे जाहिरातवाल्याच्या गावीही नसतं. आपल्या घरांत मात्र तो सामाईकच असतो. आईच्या फोनवर मुलं खेळतात, सुनेच्या फोनवरून सासूबाई भजनं लावतात. नवा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांवर अशी पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करतो. आता वहिनींच्या साइटवर समोर आई आहे की सातवीतला मुलगा, हे वहिनींना कसं कळणार?

म्हणून एका दुपारी जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघी आणि तो साइटवाला मुलगा वहिनींच्या पडवीत बसलो. पट्टीला हातच लावला नाही. आधी साइटवर कोण कोण खुर्ची टाकून बसलंय ते बघितलं. हे बघणं सोपं आहे. संगणकावर ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, म्हणजे जुने बिल्ले मध्ये येत नाहीत. आपली साइट उघडायची आणि कुठलंही बटण न दाबता वर पत्त्याच्या डाव्या बाजूचं छोटं चिन्ह दाबायचं. तिथे कुकींची माहिती मिळते. वहिनींच्या साइटखेरीज चार परक्या पत्त्यांची नावं तिथे होती. अजून आम्ही 'हो' म्हटलंच नव्हतं! माजघरात येऊन बसल्यावर 'आत येऊ का?' म्हणून विचारावं, तशी ती पट्टी. मग 'मॅनेज'मध्ये जाऊन सगळं बंद केलं, तरी चारही जागच्या जागी. पट्टी नुसती शोभेची होती. मुलगा वरमला. त्यानं ती तयार आणून चिकटवली होती, आतल्या तारा जोडायच्या राहिल्या होत्या.

मग एकेक खुर्ची उचलायला घेतली. जाहिरातीचा कोड 'पुढेमागे लागेल' म्हणून घातलेला होता, वहिनींनी जाहिरात एकदाही केली नव्हती. काढला. समुद्राचा व्हिडिओ बाहेरच्या साइटवरून चिकटवलेला होता. त्याजागी वाडीतून दिसणाऱ्या समुद्राचा फोटो घातला, आणि ज्याला व्हिडिओ बघायचा त्याच्यासाठी दुवा. नकाशाचंही तसंच. त्याचं चित्र लावलं आणि 'इथे दाबा, रस्ता दिसेल' असं लिहिलं. दाबल्यावर नकाशा वेगळा उघडतो, त्यामुळे साइटही भरभर उघडायला लागली. आमच्याकडच्या नेटवर ही मोठीच गोष्ट! गप्पांचं बटण वहिनींना कधीच आवडलं नव्हतं, कारण ते रात्री टिंगटिंग करायचं. गेलं.

राहिलं माणसं मोजायचं यंत्र. मुलाला ते हवं होतं, "किती जण आले ते कळतं, काकू." वहिनी म्हणाल्या, "किती आले ते मला जेवणाच्या पानांवरून कळतं." शेवटी त्यांनी आपला मार्ग काढला. पाहुणा आला की 'आमचं कुठून कळलं?' हे विचारायचं आणि वहीत लिहायचं. माझं स्वतःचं मत थोडं वेगळं आहे. मोजणी कामाची असते, ज्यांना हवी त्यांनी ती जरूर ठेवावी, फक्त विचारून ठेवावी. पण साइट वहिनींची, निर्णयही त्यांचा.

एवढं झाल्यावर पट्टीत विचारायला काही उरलंच नाही! फक्त तारखा लक्षात ठेवणारी कुकी राहिली, ती नसेल तर बुकिंगच होणार नाही. तिच्यासाठी तळाशी एक ओळ पुरली, 'तुम्ही निवडलेल्या तारखा लक्षात ठेवण्यासाठी ही साइट एक कुकी वापरते. दुसऱ्या कुणाची कुकी इथे नाही.' कॅलेंडर मोकळं झालं.

सगळ्यांचं इतकं सोपं होणार नाही, हे कबूल. श्रीवर्धनच्या आमच्या एक ताई दिवाळी-नाताळला जाहिरात करतातच, त्यांचं त्यावर चालतं. त्यांच्या साइटवर पट्टी हवीच. ती आम्ही अशी लिहिली, 'तारखा लक्षात ठेवायला एक कुकी लागते, ती असतेच. आमची जाहिरात तुम्हाला इतर ठिकाणी दिसावी यासाठी आणखी एक आहे. तुम्ही म्हणाल तरच ठेवू. घरात फोन किंवा संगणक सगळ्यांचा मिळून असेल तर विचार करून ठरवा.' खाली दोन बटणं, 'चालेल' आणि 'नको'. दोन्ही एका मापाची, एका रंगाची, शेजारी-शेजारी. 'नको' म्हटलं तरी खोली मिळते, दर तोच. शिवाय पानाच्या तळाशी कायम 'कुकीची निवड बदला' असा दुवा. मुलाला बजावून सांगितलं, की 'चालेल' दाबेपर्यंत जाहिरातीचा कोड जागा होता कामा नये, आणि तेच खासगी खिडकीत त्याच्याकडून करून दाखवून घेतलं. पट्टीची तयार सेवा भाड्यानं देणारेही भेटतात, वर्षाचे पैसे घेतात. दहा-वीस परके कोड असलेल्या मोठ्या हॉटेलाला ती लागेल. दोन खोल्यांच्या घराला बहुधा नाही.

ताईंना शेवटचं वाक्य नको होतं. "कशाला आपणच भीती घालायची? लोक 'नको' म्हणतील." मी त्यांना वर सांगितलेली हकिगत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे ते वाक्य."

आणखी एक सांगायला हवं. 'नको, मला चांगल्या सवलती नकोत' असं ओशाळं करणारं बटण काही साइटवर असतं. 'फक्त १ खोली शिल्लक! ९ जण आत्ता बघत आहेत!' असा खोटा घायकुतीचा फलकही असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ला अशा १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली. लाजवून होकार घेणं, खोटी घाई दाखवणं, शेवटच्या पानावर चार्ज वाढवणं, हे सारं त्यात येतं. तयार साच्यातून साइट केली की हे फलक फुकटात येतात. वहिनींच्या साइटवर भर पावसाळ्यात, सगळ्या खोल्या रिकाम्या असताना, 'घाई करा' लुकलुकत होतं!

आणि कुकीपेक्षा मोठी गोष्ट फोनमध्येच पडलेली असते. पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो. 'व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा' म्हणतो आणि तीन वर्षांचे साठतात, मुलींच्या फोटोंसकट, पत्त्यांसकट. टेबलावरच्या कागदी वहीला हा नवा कायदा लागत नाही. पण फोटो फोनमध्ये आला, की तो डिजिटल झाला. काम संपल्यावर, दुसरा कुठला कायदा ठेवायला सांगत नसेल तर, तो पुसायचा असतो. पाहुण्यानं शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' दिलं तर खुशाल घ्या. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो आकडा मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असणार, पण छोट्यांना आपोआप सूट आहे, असं कुठे म्हटलेलं नाही.

या सगळ्यात आमची खरी अडचण कुठे झाली सांगू? कुकीत नाही, कायद्यातही नाही. अडचण झाली पासवर्डशी. आमच्या ओळखीच्या पाच साइटपैकी तीन मालकिणींकडे स्वतःच्या साइटची किल्लीच नव्हती. ती साइट करणाऱ्या मुलाकडे, आणि त्यातला एक नोकरी लागून बंगलोरला गेलेला. घराची किल्ली गवंड्याकडे ठेवून आपण पडवीत पाहुण्यांचं स्वागत करायचं, असा तो प्रकार. बंगलोरच्या मुलाला चार फोन झाले, मग त्याच्या आईला गाठलं, तेव्हा किल्ली आली.

येत्या गुरुवारी रेवदंड्याच्या गटातल्या तिघी येणार आहेत. त्यांना निरोप धाडलाय, चार्जर आणू नका, खाऊ आणू नका. साइटचा पासवर्ड, आणि साइटचं नाव कुणाच्या नावावर घेतलंय त्याची पावती, एवढं तेवढं घेऊन या.